‘पानी’ म्हणणारी मुलगी आणि मी न दिलेली हिंट

कृष्णाकाठ

मे महिन्यात एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून ओरल घ्यायला गेले होते. विषय इलेक्ट्रिकल मशीन्स, बॅच २४ जणांची, गुण २५. मी १९ वर्षं शिकवते आहे, त्यामुळे ओरल घेणं आता हातात बसलंय. मूल समोर बसतं, जर्नल उघडतं, दोन प्रश्नांत अंदाज येतो आणि आकडा पडतो.

जेवणाच्या सुट्टीत तिथला इंटर्नल, माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, म्हणाला, “मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही त्या आठ नंबरच्या मुलाला विचारलंत, ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॅमिनेटेड का असतो. तो ‘लॉस कमी व्हावा म्हणून’ एवढं बोलून अडला. तुम्ही म्हणालात, ‘बरोबर चाललंय, कोअरमध्ये कसले प्रवाह फिरतात?’ आणि त्याला एडी करंट आठवले. नंतरची मुलगी त्याच वाक्यावर, त्याच जागी अडली. तिला तुम्ही ‘ठीक आहे, पुढचा प्रश्न’ म्हणालात.”

मी गुणांचा कागद काढून पाहिला. त्याला २१, तिला १७.

मला त्या मुलीबद्दल कसलाही आकस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्या मुलाला मी ओळखतही नव्हते. मग संध्याकाळी एसटीत बसल्यावर आठवलं. तिने आधीच्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर दिलं होतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल थंड कसं करतात? ती म्हणाली, “बाहेरून पानी फिरवतात.” पानी. तो शब्द कानावर पडला आणि माझ्या मनात ‘ही फार पुढे जाणार नाही’ असं काहीतरी ठरून गेलं. मी ठरवलं असंही म्हणता येणार नाही, कारण ठरवण्याइतका वेळच गेला नाही. तो मुलगा मात्र माझ्या घरात बोलतात तसं बोलत होता.

हिंदीत अख्खा उत्तर भारत ‘पानी’ म्हणतो, तिथे कुणी अडाणी ठरत नाही. तोच उच्चार मराठी वाक्यात आला की माझ्यासारखी शिकलेली बाई चार गुण कमी देते. म्हणजे दोष त्या ‘न’मध्ये नाही, त्याला माझ्या डोक्यात जे जोडलं गेलंय त्यात आहे.

तेव्हापासून वाचते आहे. हा माझा विषय नव्हे, पण दोन प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० साली माँट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तोच माणूस एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. ऐकणाऱ्यांना वाटलं ही वेगवेगळी माणसं आहेत. त्यांना विचारलं, हा माणूस किती हुशार वाटतो, किती विश्वासू, दिसायला कसा असेल? इंग्रजी बोलताना तोच माणूस बहुतेक गुणांत वरचढ ठरला. मला हलवून गेली ती पुढची गोष्ट: फ्रेंच मातृभाषा असलेल्या श्रोत्यांनीही फ्रेंच आवाजाला कमीच लेखलं, काही गुणांत तर इंग्रजी श्रोत्यांपेक्षा जास्त.

दुसरा १९७७ चा. निस्बेट आणि विल्सन यांनी एका दुकानात बायकांपुढे पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि सगळ्यांत चांगली निवडायला सांगितली. चारही हुबेहूब सारख्या होत्या. सगळ्यांत उजवीकडची जोडी बायकांनी कितीतरी जास्त वेळा उचलली, पण कारण विचारल्यावर विणीबद्दल, पोताबद्दल सांगितलं. जागेमुळे निवडली असं कुणीच म्हणालं नाही. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं की १७ का, तर मीही ‘कन्सेप्ट कच्चे आहेत’ असंच म्हणाले असते, आणि मनापासून म्हणाले असते.

तुमच्यापैकी कुणाला असं काही जाणवलंय का, दोन्हीपैकी कुठल्याही बाजूने? इथे नीट बोलूया.

मुक्काम_पोस्ट

ताई, त्या मुलीच्या खुर्चीत मी २००६ साली बसलो होतो. गाव हिंगोली जिल्ह्यात, कॉलेज पुण्यात. पहिल्या सेमिस्टरला माझ्या ‘कोन’वर वर्ग हसला होता. कोण आणि कोन, दोन्ही माझ्या तोंडी एकच. नंतर होस्टेलच्या बाथरूममध्ये दार लावून म्हणायचो, पाणी, लोणी, कोण, आणि, म्हणून. सहा महिने लागले. आईला फोन केला की परत ‘न’ यायचा, आणि खोलीतली पोरं बाहेर गेल्याशिवाय मी तिला फोन करायचो नाही. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आता मी स्वतः मुलाखती घेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागातला एक मुलगा आला. तोंड उघडल्याबरोबर त्याच्या बोलण्यात मला माझं गाव ऐकू आलं. तुम्हाला वाटेल मी त्याला सांभाळून घेतलं असेल. उलट झालं. मी त्याला जास्त अवघड प्रश्न विचारले. बरोबर बसलेल्या मॅनेजरला वाटू नये की हा आपल्याकडच्याला पुढे ढकलतोय, ही एक भीती होती. आणि दुसरं म्हणजे तो बोलत होता तसं मी बोलू नये म्हणून मी सहा महिने घासलं होतं. त्याचा ‘न’ मला सहन होत नव्हता. त्याची निवड झाली नाही.

तुम्ही लिहिलेलं ते फ्रेंच श्रोत्यांचं वाचलं आणि उठून बाहेर चक्कर मारून आलो.

रानजाई

दोघांचंही वाचून गप्प झाले. एक शंका: हे म्हणजे फ्रॉइडचं अबोध मन का? दडपलेल्या इच्छा वगैरे?

कृष्णाकाठ

मुक्काम_पोस्ट दादा, काय लिहू. तुम्ही हे इथे लिहिलंत यासाठी मी तुमची ऋणी आहे.

रानजाई, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हे लोक बोलतात ते फ्रॉइडच्या तळघराबद्दल नाही. हे सवयीच्या बाजूचं आहे. १९७७ मध्येच शिफ्रिन आणि श्नायडर यांनी दाखवलं की एकाच प्रकारचं काम हजारो वेळा केलं की ते लक्ष न देता आपोआप होऊ लागतं, आणि एकदा तसं झालं की थांबवणं कठीण जातं. वाचता येणाऱ्या माणसाला समोरची पाटी ‘न वाचता’ नुसती बघता येत नाही, तसंच. मग १९८९ मध्ये पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी हेच पूर्वग्रहाला लावलं. समाजात फिरणारी साचेबद्ध प्रतिमा सगळ्यांच्याच डोक्यात आपोआप जागी होते. ती न मानणारा माणूस वेगळा पडतो तो पुढच्या पायरीवर, जिथे तो तिला अडवतो. अडवायला मात्र वेळ आणि लक्ष लागतं. ओरलच्या विसाव्या मुलाला मी ते देत नसते.

मराठीत ‘जाणीव’ला लागून ‘नेणीव’ आहे, मला तो शब्द ‘अबोध’पेक्षा जवळचा वाटतो. नेणणे म्हणजे माहीत नसणे, त्यात दडपण्याचा वास नाही.

आता असे नेणिवेतले पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचणीबद्दल, कारण विषय निघाला की तीच पुढे येते. १९९८ मध्ये ग्रीनवाल्ड, मॅकगी आणि श्वार्ट्झ यांनी ‘इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट’ प्रसिद्ध केली. महझरिन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी ग्रीनवाल्डबरोबर ती जगभर नेली. बानाजी सिकंदराबादच्या, पारशी कुटुंबातल्या. प्रवासात रेल्वे स्टेशनवर सामाजिक मानसशास्त्राच्या संदर्भग्रंथाचे पाच खंड स्वस्तात मिळाले म्हणून घेतले आणि आयुष्याची दिशा बदलली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

चाचणीचं तत्त्व घरी पत्त्यांवर करून बघा. जोड पिसा. आधी बदाम आणि चौकट डावीकडे, इस्पिक आणि किलवर उजवीकडे टाका, घड्याळ लावून. मग पुन्हा पिसा आणि इस्पिक-चौकट डावीकडे, किलवर-बदाम उजवीकडे. दुसऱ्या वेळी हात अडखळतो, कारण लाल-लाल, काळं-काळं ही जोडी मनात आधीच बसलेली आहे. चाचणीत पत्त्यांच्या जागी चेहरे, नावं आणि चांगले-वाईट शब्द असतात आणि फरक मिलिसेकंदांत मोजतात.

संख्याप्रेमी

लेख प्रामाणिक आहे आणि अनुभव खरे आहेत, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण चाचणीबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण तिचा गैरवापर मी कामाच्या ठिकाणी पाहिला आहे.

पहिलं: तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा बसली तर तिचा निकाल पहिल्याशी जेमतेम जुळतो, सहसंबंध साधारण ०.५ च्या आसपास (तंतोतंत जुळलं तर १, काहीच नाही तर ०). एवढ्यावर एका माणसाला ‘तू पक्षपाती’ असं प्रमाणपत्र देता येत नाही. चाचणी बनवणाऱ्यांनी स्वतःही तिचा असा वापर करू नका असं सांगितलेलं आहे. दुसरं: चाचणीतल्या आकड्यावरून वागणुकीचा अंदाज कितपत येतो? ग्रीनवाल्ड यांच्या २००९ च्या एकत्रित विश्लेषणात हा संबंध ०.२७ च्या जवळ होता. ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोजला तेव्हा तो त्याहून बराच कमी भरला. तिसरं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते: २०१९ मध्ये फॉर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यास, ८७ हजारांवर माणसं, असा ढीग एकत्र तपासला. चाचणीतला आकडा निरनिराळ्या उपायांनी थोडा हलवता येतो, पण तो हलल्यामुळे वागणूक बदलते असं दिसलं नाही.

‘नेणीव’ हा शब्दही तपासून वापरायला हवा. २०१४ च्या एका अभ्यासात लोकांना आधीच विचारलं, तुमचे निकाल काय येतील? त्यांनी बऱ्यापैकी अचूक अंदाज केले. म्हणजे हे सगळं अंधारात दडलेलं असतं असं नाही. आपण बघितलं तर दिसतं. बहुतेक वेळा बघत नाही.

आपोआप घडणाऱ्या विचारांच्या संशोधनाला एक मोठा धक्काही बसलेला आहे. १९९६ मध्ये बार्ग आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचायला दिले की तरुण मुलं कॉरिडॉरमधून हळू चालतात. पुस्तकोपुस्तकी ते गेलं. २०१२ मध्ये बेल्जियममध्ये दोएन आणि सहकाऱ्यांनी वेळ मोजायला इन्फ्रारेड सेन्सर लावले, परिणाम सापडला नाही. मात्र प्रयोग घेणाऱ्यांनाच ‘ही मुलं हळू चालतील’ असं सांगून ठेवलं तेव्हा तो पुन्हा दिसला. त्याच वर्षी नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी या क्षेत्रातल्या लोकांना जाहीर पत्र लिहून आपलं घर तपासायला सांगितलं, आणि पुढे स्वतःच्या पुस्तकातल्या अशा प्रयोगांवरच्या प्रकरणाबद्दल, छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण जास्त भिस्त ठेवली, हेही मान्य केलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेव्हा दुप्पट झाला.

पण ताई, तुमच्या ओरलमध्ये मिलिसेकंदाचं घड्याळ लागतच नाही. सारखं उत्तर, सारखी अडचण, एकाला हिंट, एकीला नाही. हे थेट वर्तन आहे. माझा भर तिथे राहील: मनाचा आकडा मोजण्यापेक्षा हिंटा मोजा.

शमा_मिरज

“तुमचं मराठी किती छान आहे हो!”

मी मिरजेची. माझी आई मराठी माध्यमात शिकली, मी शिकले, माझी मुलगी शिकते. हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं, आणि म्हणणारी माणसं चांगली असतात, कौतुकच करत असतात. नाव कळेपर्यंत कुणी म्हणत नाही. नाव सांगितल्यावर म्हणतात.

त्या वाक्याचं मला फारसं दुःख नाही. घर भाड्याने घेताना दुखतं. फोनवर सगळं ठरतं, डिपॉझिटसुद्धा, आणि मग “नाव काय म्हणालात?” त्यानंतरची ती एक छोटी शांतता. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता फोनवर सुरुवातीलाच नाव सांगते, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो.

संख्याप्रेमी, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून विचारते, आपल्याकडे हे कुणी मोजलंय का?

कृष्णाकाठ

शमाताई, हो, मोजलंय. आणि ज्यांनी मोजलं ते आपल्याच राज्यातले, अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. न्यूयॉर्कचे पॉल अॅटवेल त्यांच्याबरोबर होते. त्यांनी ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती घेतल्या आणि सारख्याच पात्रतेचे अर्ज टपालाने पाठवले. एकावर उच्चवर्णीय हिंदू वाटणारं नाव, एकावर दलित, एकावर मुस्लीम. जाहिराती ५४८, अर्ज ४,८०८. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता, गुणोत्तरात सांगायची तर, उच्चवर्णीय नावाला १ धरली की दलित नावाला ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हे आलं.

त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांतल्या भरती करणाऱ्यांशी बोलून लिहिलं होतं. सगळे म्हणत होते, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि मुलाखतीत बहुतेक सगळे ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारत होते. घरी कोण कोण, वडील काय करतात. मीही विचारते हा प्रश्न. मुलांना मोकळं करायला म्हणून.

टोरांटोकर

शमाताईंच्या अनुभवाला दुजोरा, उलट्या बाजूने. इथे फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिलं, कॅनडातलंच शिक्षण आणि अनुभव असूनही इंग्रजी वाटणाऱ्या नावांना भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त फोन आले. मी माझं पाच अक्षरांचं नाव दोन अक्षरांचं केलं ते याच शहरात. पुण्यात होतो तेव्हा आडनाव सांगितलं की दारं उघडायची, आणि ती आडनावामुळे उघडतात हे मला इथे येईपर्यंत कधी कळलं नव्हतं.

सह्यवारा

एक वेगळा मुद्दा. आपोआप विचार करणं हा काही आजार नाही. मी घाटात ट्रेकला लोकांना नेतो. पायाखालचा दगड हलणार की नाही हे मी विचार करून ठरवत बसलो तर माणूस दरीत जाईल. अनुभवातून आलेली झटपट पारख आपण गुन्हा ठरवतोय का? शिक्षिकेला १९ वर्षांच्या अनुभवातून जो अंदाज येतो, त्यालाही काही किंमत आहेच.

संख्याप्रेमी

सह्यवारा, मुद्दा बरोबर आहे, पण दगड तुम्हाला लगेच उत्तर देतो. पाय ठेवला, हलला, शिकलात. पारख तयार होते ती अशा ठिकाणी जिथे चूक लगेच परत येऊन सांगते. ओरलमध्ये १७ दिल्यावर ती मुलगी पुढे काय झाली हे परीक्षकाला कधीच कळत नाही. १९ वर्षं उत्तर न मिळता केलेल्या अंदाजांत आत्मविश्वास वाढतो, अचूकता वाढेलच असं नाही.

सह्यवारा

पटलं. असा विचार केला नव्हता.

गुरुजी_नांदेड

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, २२ वर्षं. आमच्या क्षेत्रातलं थोडं.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतो. मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगतो. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मागच्या बाकावरची मुलंही बोलायला लागतात. आणि ज्यांना शिक्षक हुशार समजतो त्यांच्यासाठी तो जास्त थांबतो. मॅडम, तुमची हिंट म्हणजे हेच. आपण कुणाला नापास करत नाही, आपण फक्त कुणासाठी तरी थांबतो.

दुसरं मुक्काम_पोस्ट यांच्यासाठी. रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा २०१२ चा अभ्यास आहे, भारतातलाच. मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिका घेतल्या, वरच्या पानावर जात, मुलगा-मुलगी, वय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहीही लिहिलं, आणि शिक्षकांना तपासायला दिल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातीचं नाव पडलेल्या पेपरला थोडे कमी गुण मिळाले. फरक छोटा होता. पण तो आला कुणाकडून? त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांकडून. वरच्या जातींतल्या शिक्षकांत तो दिसला नाही. मी हे एका प्रशिक्षणात ऐकलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही, कारण मी त्याच शिक्षकांतला आहे. भाऊ, तुम्ही एकटे नाही.

उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या पोरांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कुणी बोललं नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. आमच्याकडे शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात मोठ्याने वाचायची पद्धत होती. मी ती माझ्यापुरती बंद केली. नावं फळ्यावर लावतो, नुसती नावं, कशाची यादी ते लिहीत नाही.

कृष्णाकाठ

“आपण फक्त कुणासाठी तरी थांबतो.” गुरुजी, हे वाचून मला बानाजी आणि ग्रीनवाल्ड यांच्या पुस्तकातली गोष्ट आठवली. येल विद्यापीठातल्या एका तरुण प्राध्यापिकेला गोधड्या शिवायचा नाद. एका रात्री हाताला खोल काप लागला. दवाखान्यात तिचा सोबती डॉक्टरांना सांगत राहिला, तिला गोधड्या शिवायच्या असतात, बोटं नीट चालायला हवीत. डॉक्टर म्हणाले, होईल बरं, आणि टाके घालायला बसणार तेवढ्यात तिथल्या एका विद्यार्थिनीने ओळखलं, “प्रोफेसर, तुम्ही इथे?” येलची प्राध्यापिका आहे कळल्याबरोबर हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाला बोलावण्यात आलं. गोधडी शिवणारीशी कुणी वाईट वागलं नव्हतं. प्राध्यापिकेशी जास्त चांगलं वागले, एवढंच. ग्रीनवाल्ड आणि पेटिग्रू यांनी २०१४ मध्ये हेच मांडलं, की आजचा बराचसा भेदभाव आपल्यासारख्याला दिलेल्या मदतीतून होतो. म्हणून तो करणाऱ्याला दिसत नाही. मदत करताना कुणाच्या मनाला टोचत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्याचं काय होतं तेही प्रिन्स्टनमध्ये १९७४ साली वर्ड, झॅना आणि कूपर यांनी पाहिलं. गोरे मुलाखतकार काळ्या उमेदवारांपासून जरा लांब बसत, बोलताना जास्त अडखळत, लवकर आटोपत. मग दुसऱ्या प्रयोगात गोऱ्या उमेदवारांनाच तशी वागणूक दिली. त्यांच्याही मुलाखती वाईट झाल्या. त्या मुलीला मी ‘ठीक आहे’ म्हणाले तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलंच नव्हतं.

वाडीवस्ती

धागा सगळा वाचला. मी ग्रामपंचायतीत नोकरीला आहे, म्हणून सरपंच बायकांबद्दल लिहितो.

एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे वगैरेंचा बंगालमधला अभ्यास आहे. पंचायतींत बायकांना आरक्षण देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर कुठल्या गावात बाई सरपंच होणार हे तिथे चिठ्ठीसारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. गावकऱ्यांना तेच भाषण कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे कधी बाई सरपंच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे होऊन गेली होती तिथे तो फरक निघून गेला. वर ज्या चाचणीवर चर्चा चालू आहे ती चाचणीही त्यांनी गावात घेतली. त्यात गंमत अशी, की पुरुषांना पुढारी म्हणून पुरुषच आवडतात ही आवड हलली नाही, पण ‘बाई म्हणजे घर’ ही जोडी सैल झाली. पुढच्या निवडणुकांत, विशेषतः दोनदा आरक्षण पडलेल्या गावांत, बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. २०१२ च्या अभ्यासात तर आईबापांच्या मुलीबद्दलच्या अपेक्षाही वाढलेल्या दिसल्या.

आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचपतींचा त्रास मी रोज बघतो, खुर्चीत नवरा बसतो आणि सहीला बाई. तरी सांगतो, पहिल्या टर्मला मासिक सभेत “बाईंना काय विचारायचं” म्हणणारे म्हातारे आता “आधी मॅडमना विचारा” म्हणतात. त्यांची मनं कुणी प्रशिक्षण देऊन बदलली नाहीत. दर महिन्याला बाई समोर खुर्चीत बसलेली दिसली, म्हणून झालं.

रानजाई

बघून बघून जे आत गेलं ते बघून बघूनच सैल होतं, असं का?

संख्याप्रेमी

साधारण तसंच. एका दुपारच्या कार्यशाळेने नाही, एवढं नक्की. लाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नऊ उपाय तपासले, सगळ्यांचा परिणाम काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत उतरला. आणि तरीही बानाजी आणि चार्ल्सवर्थ यांनी २००७ ते २०१६ मधल्या ४४ लाख चाचण्या पाहिल्या तेव्हा समलिंगी लोकांबद्दलचा नेणिवेतला आकडा ३३ टक्क्यांनी, वंशाबद्दलचा १७ टक्क्यांनी उतरलेला दिसला. वय आणि अपंगत्वाबद्दलचा जवळपास जागचा हलला नाही.

कृष्णाकाठ

सात महिन्यांनी परत येते आहे. डिसेंबरची ओरल झाली, वेगळं कॉलेज. संख्याप्रेमींनी सांगितलं होतं, हिंटा मोजा. मोजल्या.

केलेलं सांगते. यादी घेतानाच इंटर्नलना विनंती केली की मला फक्त बैठक क्रमांक द्या. बोर्डाच्या लेखी पेपरवर नाव नसतंच, बारकोड असतो, मग तोंडीला मला आडनाव कशाला? प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या, मुलांनी स्वतः उचलायच्या. अडलं की मनात दहापर्यंत मोजायचं. मग एक हिंट, सगळ्यांना, आणि हिंटही आधीच चिठ्ठीमागे लिहून ठेवलेली. कागदावर एक रकाना वाढवला, हिंट दिली की टिंब. आकडा लगेच नाही लिहायचा, चार मुलं झाल्यावर त्या चौघांचे एकत्र.

आवाज लपवता येत नाही. तो कानावर येतोच. तिसऱ्याच मुलाने “म्हनजे” म्हटलं आणि माझं बोट पुढच्या चिठ्ठीकडे गेलेलं मला दिसलं. मागे घेतलं. दहापर्यंत मोजायला लागले. सात म्हणेपर्यंत तो बोलला, आणि बरोबर बोलला, हिंट लागलीच नाही. दिवसभरात असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी बोट आधी गेलं.

वेळ जास्त लागला, एका बॅचला सुमारे ४० मिनिटं. इंटर्नल थोडे वैतागले, ते साहजिक आहे, त्यांना बस गाठायची होती. मेमधल्या त्या मुलीचे गुण आता बदलता येत नाहीत. मी विचारून पाहिलं.

मुक्काम_पोस्ट

ताई, तो रकान्याचा कागद इथे टाकाल का? आमच्याकडे फेब्रुवारीत कॅम्पसच्या मुलाखती आहेत. आणि एक, मागच्या महिन्यात आईला ऑफिसमधून फोन केला. सगळे बसलेले असताना.

गुरुजी_नांदेड

कागद मलाही हवा. मी पाचवीच्या वर्गात तीन सेकंद थांबायला लागलोय, बोटं मांडीवर मोजून. पोरांनी ते हेरलं. काल एकीला आठचा पाढा विचारला, ती अडली, तर शेजारची कुजबुजली, “थांब, गुरुजींचं अजून एक बोट राहिलंय.”

कृष्णाकाठ

दोघांनाही आज रात्री टाकते. हाताने आखलेला आहे, फोटो काढून.